निपाणीची सोबत

चहाचा कप घेऊन रचना दारातच थांबली. टेबलावर लॅपटॉप होता, लॅपटॉपला टेकून उभा केलेला फोन होता आणि फोनमध्ये एक बाई होती. बाईची मान खाली. ओले केस कसेतरी वर गुंडाळलेले, त्यात पेन खोचलेलं. दुसऱ्या पेनानं ती काहीतरी लिहीत होती. इकडे स्वरूपचीही मान खाली होती, माउसवरचा हात तेवढा हलत होता. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. फोनमधल्या बाईनं पान उलटलं, त्याचाही आवाज आला नाही. रचना मिनिटभर तशीच उभी राहिली असेल. तेवढ्या वेळात स्वरूपचा पाय हलला नाही. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि या माणसाचा पाय टेबलाखाली हलत नाही असं तिनं कधी पाहिलं नव्हतं. जेवताना हलायचा, सिनेमाला हलायचा, झोपेतसुद्धा एखादेवेळी हलायचा. आणि आता सकाळी सव्वासहा वाजता, एका परक्या बाईच्या समोर, तो पाय चपलेत शहाण्या पोरासारखा बसला होता. तिनं कप दाराजवळच्या शिलाई मशीनवर ठेवला आणि दार होतं तसं लोटून ती स्वयंपाकघरात परत आली. दूध उतू गेलं होतं.

तिला ठाऊक नव्हतं असं नाही. तीन महिन्यांपासून तो लवकर उठत होता. 'सहाला सोबत आहे,' असं सांगून छोट्या खोलीचं दार लोटून घ्यायचा. 'आज सोबत आली नाही, तिची लाईट गेलीय,' असंही एकदा म्हणाला होता. पण सोबत हा शब्दच बाईमाणसासारखा चालतो. सोबत येते, सोबत मिळते, सोबत असते. म्हणून तिनं त्यात बाई बघितली नाही. त्याच्यासारखाच कुणी असेल, एवढंच तिनं धरून ठेवलं होतं. गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरीणबाईंनी त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न ठरण्याचा विकार, आहे म्हणून सांगितलं, तेव्हा त्याचं वय एक्केचाळीस होतं. घरी येऊन तो सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "म्हणजे मी आळशी नव्हतो गं." रचनाला तेव्हा आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण त्याच्या मागोमाग एक बारीक टोचणी आली. त्याला आळशी म्हणणाऱ्यांत आपण पहिल्या होतो. मग गोळी सुरू झाली, मग डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडं येणाऱ्या सात-आठ जणांचा एक गट करून दिला. गटात दोघा-दोघांच्या जोड्या लावल्या. रोज ठरल्या वेळी फोनवर समोरासमोर बसायचं, आवाज बंद ठेवायचा आणि आपापलं काम करायचं. दुसरं माणूस बसलंय म्हटल्यावर आपणही बसतो, एवढीच त्यातली युक्ती. हे सगळं त्यानं सांगितलं होतं. जोडीदार बाई आहे हे सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि आपण डबे भरत असू. आठवून आठवून ती दमली, पण आठवलं नाही, आणि न आठवणं ही तिची सवय नव्हती.

आठवण हाच तर तिचा त्या घरातला हुद्दा होता. टिळकवाडीतल्या एका लॅबमध्ये ती रक्त काढायची. दिवसाला साठ-सत्तर नळ्या, प्रत्येक नळीवर नाव, वय, वेळ. अकरा वर्षांत एक चिठ्ठी चुकली नव्हती. तसंच तिनं स्वरूपला सांभाळलं होतं. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात तो गाडी खडेबाजारात लावून वडगावला बसनं परत आला आणि जिना चढून आल्यावर विचारलं, "आपली गाडी कुठं आहे गं?" तेव्हा दोघं पोट धरून हसली होती. पुढं हसू कमी झालं. आरोही पहिलीत असताना तिला शाळेतून आणायचं तो विसरला आणि पोर पाच वाजेपर्यंत शिपायाच्या खुर्चीत बसून राहिली. त्या दिवसापासून रचनानं त्याच्या डाव्या हाताच्या पालथ्या बाजूवर पेनानं लिहायला सुरुवात केली. दूध. आरोही. किल्ली. उद्यमबागेत, जिथं तो फाउंड्रीसाठी साच्यांची ड्रॉइंगं करायचा, तिथले लोक त्याच्या हाताकडं बघून हसायचे. तो हात खिशात घालायचा. दिवसातून चार वेळा ती फोन करायची. अहो, जेवलात काय. अहो, बिल भरलंत काय. येळ्ळूरला गेलं की सासूबाई, जयाबाई, चार बायकांत म्हणायच्या, "ही हाय म्हनून ह्यो मानूस हाय बगा. न्हाईतर माझं पोरगं कुटं तरी हरवून गेलं असतं." रचना "काहीतरीच काय आत्या" म्हणायची आणि ते वाक्य पदराला बांधून घरी आणायची.

आणि आता फोन होता. त्यानं फोनचे रंग काढून टाकले होते. सगळा काळापांढरा, जुन्या वर्तमानपत्रासारखा. समोर तीनच चित्रं ठेवली. कामाच्या वेळी फक्त तिघांचे फोन वाजतील अशी सोय केली: तिचा, शाळेचा आणि फाउंड्रीच्या मालकाचा. संध्याकाळी सातला फोन तांदळाच्या डब्यावर उताणा पडायचा तो सकाळीच उठायचा. मधल्या वेळात तो आरोहीबरोबर कॅरम खेळायचा आणि रचनाला वाटायचं, आपण पाहुण्या म्हणून आलोय. गजर मात्र भरपूर होते, आणि प्रत्येक गजराला त्यानं स्वतःचा आवाज भरला होता. 'स्वरूप, गोळी.' 'स्वरूप, आता उठून पाणी पी.' शांत, हळू, कुणाला तरी झोपेतून उठवावं तसा. तिनं एकदा हसत विचारलं होतं, "माझा आवाज घेतला असतात तर काय झालं असतं? पंधरा वर्षांची सवय आहे कानाला." तो बूट घालत होता. बुटाकडं बघतच म्हणाला, "तुझा आवाज आला की मला आधी भीती वाटते, काम नंतर आठवतं." आणि मग वर बघून घाईनं, "तसं नव्हे गं, म्हणजे तुझं काही चुकत नाही." ती म्हणाली, "जावा, उशीर होईल." त्या दिवशी लॅबमध्ये तिनं एका म्हाताऱ्या माणसाच्या दंडाला रबरी पट्टी इतकी आवळली की तो "आयाई गं" म्हणाला.

बाई दिसल्यावर पुढचे पंधरा दिवस ती रोज सहाला उठली. उठण्याचं कारण नव्हतं, तिचं काम नवाला सुरू व्हायचं. जिऱ्याची बरणी पुसणं, नारळ खवणं, काहीतरी हाताशी घेऊन ती दाराच्या अलीकडं बसायची. ऐकण्यासारखं फार नव्हतंच. सुरुवातीला तो म्हणायचा, "आज पंपाचा साचा, दोन बाजू." ती म्हणायची, "आज कोर्टाचे कागद, नऊ पानं." मग दीड तास काही नाही. त्या काही नसण्याचाच रचनाला हेवा वाटायचा. बोलली असती, हसली असती, चोरून काही चाललं असतं, तर भांडता आलं असतं, माहेरी काकतीला निघून जाता आलं असतं. पण दोन माणसं दीड तास गप्प बसतात, याची तक्रार कुणाकडं आणि कोणत्या शब्दांत करायची? आपल्याजवळ तो कधी गप्प बसला होता? आपणच कधी त्याच्याजवळ काही न विचारता बसलो होतो? हा दुसरा प्रश्न आला की ती उठून नळ सोडायची. त्या बाईचं नाव समता. निपाणीची, कानडीतले कोर्टाचे कागद मराठी-इंग्रजीत करून द्यायची. वय चौतीस. हे तिनं स्वरूपला विचारूनच काढलं, अगदी सहज, भाजी निवडता निवडता. त्यानंही सहज सांगितलं. "तिला माझ्यासारखंच आहे. माझ्याहून जास्त." एवढं बोलताना त्याचा चेहरा मऊ झाला होता. फोनमधल्या त्या छोट्या गोल फोटोत समता कुठल्यातरी टेकडीवर उभी होती, वाऱ्यानं ओढणी तोंडावर आलेली, हसणारी. दीड तास शांत बसणारी बाई अशी हसते, याचाही रचनाला राग आला.

मग आप्पांच्या डोळ्याचं निघालं. आप्पा म्हणजे सासरे, नाव भावकू. येळ्ळूरच्या शेतात अजून वाकून तणाची भांगलण करणारे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. गुरुवारी ऑपरेशन ठरलं. सकाळी रचनानं त्यांना दवाखान्यात बसवून लॅबला जायचं, आणि दुपारी चारला सुट्टी मिळाली की स्वरूपनं घेऊन येळ्ळूरला सोडायचं. त्या सकाळी ती दाराशी मेथी निवडत बसली होती. साडेसातला आतून बोलणं सुरू झालं. शेवटी ती दोघं दिवसभराचे गजर एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवायची, हे तिला आता पाठ होतं. "अकराला गोळी," स्वरूप म्हणाला. "अकराला गोळी," फोनमधला बारीक आवाज म्हणाला. "एकला जेवण." "एकला जेवण." "चारला आप्पा." "चारला आप्पा."

मेथीची काडी रचनाच्या हातात तशीच राहिली. आप्पा. लग्न करून आल्यावर तो शब्द तोंडात बसायला तिला वर्ष लागलं होतं. तिचे स्वतःचे वडील बाबा होते. येळ्ळूरच्या उंबऱ्यात सगळ्यांसमोर पहिल्यांदा 'आप्पा' म्हणताना जीभ अडखळली होती आणि म्हाताऱ्यानं न ऐकल्यासारखं करून तिची लाज राखली होती. तो शब्द ही बाई केसात पेन खोचून म्हणते. तिला ठाऊक तरी आहे का आप्पा कोण, त्यांना चहात गूळ लागतो, डावा कान कमी ऐकतो? स्वरूप आंघोळीला गेला. फोन टेबलावर चार्जिंगला होता. उघडायचा आकडा आरोहीची जन्मतारीख, तोही रचनानंच कधीकाळी घालून दिलेला. गजरांची यादी उघडली. '४.०० आप्पा'. तिनं त्यावर बोट ठेवून बाजूला सरकवलं. ओळ गेली आणि खालची ओळ वर सरकून तिच्या जागेवर बसली. झालं. आप्पांना त्रास व्हावा असं तिच्या मनात नव्हतं, कधीच नव्हतं. तिचं सगळं ठरलेलं होतं. पावणेचारला ती स्वतः फोन करणार होती. 'अहो, आप्पांना आणायचंय, आठवतंय ना?' तो म्हणणार होता, 'अरे देवा! बरं झालं तू फोन केलास.' एवढंच. एवढं एकदा ऐकायचं होतं.

आप्पांना तिनं दवाखान्याच्या बाकावर बसवलं. त्यांनी फोन घरीच ठेवला होता. "डोळा झाकल्यावर फोन काय कपाळाला लावू?" म्हणाले. "जा तू, तुझं काम बग. चार वाजता पोरगं येतंय न्हवं."

सव्वातीनला लॅबमध्ये दीड महिन्याचं बाळ आलं. कावीळ होती. आई विशीतली, घाबरलेली, सतत "अक्का, हळू, अक्का, हळू" म्हणत होती. बाळाची शीर सापडेना. रचनानं एक हात बघितला, दुसरा बघितला, शेवटी टाचेतून थेंब थेंब रक्त जमवलं. वर पाठवलं तर रक्त गोठलं म्हणून परत. पुन्हा बाळ, पुन्हा टाच, पुन्हा त्या आईचं रडणं. मध्ये एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडं तिची नजर गेलीही होती, पण दिसला तो फक्त मिनिटकाटा, तोही सुईच्या पलीकडचा. बाळ गेलं, तिनं हातमोजे काढले, साबणानं हात धुतले, पदराला पुसले, आणि मग घड्याळ बघितलं. पाच वाजून दहा मिनिटं. आपण विसरलो, हे शब्द तिच्या मनात आले ते कुणीतरी तिसऱ्यानंच म्हटल्यासारखे.

तिनं फोन केला आणि स्वरूप दवाखान्यात पोचला, तेव्हा बाक रिकामा होता. आप्पा तासभर वाट बघून एकटेच बाहेर पडले होते, येळ्ळूरची बस धरायला. उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी. त्याच बाजूनं मोटरसायकल आली. गाडीवाल्यानं ब्रेक मारला म्हणून नुसता धक्का लागला, पण म्हातारा हातावर पडला आणि डावं मनगट मोडलं. शहाळीवाल्यानं त्यांना सावलीत बसवून पाणी पाजलं होतं. प्लास्टर घालून होईपर्यंत स्वरूप बाहेर भिंतीला टेकून उभा होता आणि अंगठ्यानं गजरांची यादी वरखाली, वरखाली करत होता. "मी लावला होता," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "नसणार लावला." मग रचनाकडं न बघता, "मला लावल्यासारखं आठवतंय गं. पण माझं काय, मला न घडलेलंही आठवतं." रचना त्याच्या शेजारी उभी होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते न सांगता तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "होतं असं," ती म्हणाली. पँटमधला त्याचा पाय थरथर हलत होता.

दुसऱ्या दिवशी तो सहाला उठला नाही. तिसऱ्याही नाही. "ते सगळं बंद," म्हणाला. "मला नाही जमत. तूच फोन करत जा आधीसारखी." आणि खरं सांगायचं तर पहिले चार दिवस गोड गेले. तिनं त्याला हाक मारून उठवलं, गोळी हातावर ठेवली, डबा गाडीला अडकवला. लॅबमधून चार वेळा फोन केला आणि चारही वेळा तो "बरं झालं" म्हणाला. येळ्ळूरला जयाबाई गळ्यातल्या हातासकट आप्पांना भात भरवत म्हणाल्या, "मी म्हटलोच हुतो. मशिनीवर मानूस चालतंय व्हय? बायकू लागतीया." रचनानं मान खाली घातली, आणि मान खाली घालूनसुद्धा ते वाक्य पदराला बांधलंच. पाचव्या-सहाव्या दिवसापासून मात्र घराला वास सुटल्यासारखं झालं. फोनचे रंग परत आले. तो जेवताना फोन बघायचा, संडासात बघायचा, आरोही कॅरम मांडून बसली की "आलो, आलो" म्हणत सोफ्यावर आडवा होऊन एकामागून एक व्हिडिओ सरकवत राहायचा. कुणी मासे तळतंय, कुणी ट्रक ढकलतंय. बघताना त्याच्या चेहऱ्यावर कसलाच भाव नसायचा. फाउंड्रीतून पंपाच्या साच्याची एक बाजू परत आली, माप चुकलं म्हणून. हाक मारली की तो दचकायचा. ते दचकणं आधीही असणार, पंधरा वर्षं असणार. आता ते तिला दिसायला लागलं होतं, आणि एकदा दिसल्यावर न दिसल्यासारखं करता येईना. तरी ती गप्प राहिली. सांगितलं की तो उठून परत त्या टेबलाकडं जाणार होता, त्या ओल्या केसांच्या शांततेकडं. त्यापेक्षा दचकू दे. निदान माझ्या आवाजानं दचकतो.

अकराव्या दिवशी सकाळी तो आंघोळीला असताना फोन उजळला. 'स्वरूप, मी रोज सहाला उघडून बसतेय. येणार नसशील तर तसं सांग. पण तू गजर लावला होतास. मी ऐकलाय. किती वेळा सांगू?' वर तसेच आणखी चार निरोप होते, सगळे वाचलेले. शेवटच्याला त्याचं उत्तर होतं, 'तू चांगुलपणानं म्हणतेस.' म्हणजे साक्षीदार होता. आणि तो साक्षीदारावर विश्वास ठेवत नव्हता, कारण स्वतःवर ठेवायचं त्यानं सोडून दिलं होतं. तिनं नंबर उतरवून घेतला, लॅबच्या मागच्या जिन्यात जाऊन फोन लावला, आणि आवाज जमेल तेवढा घट्ट करून म्हणाली, "मी स्वरूपची बायको. तुमच्याशी बोलायचंय." पलीकडून उत्तर आलं, "या की अक्का. रविवारी या. मी घरीच असते. म्हणजे असते बहुतेक, पण असेन."

काय बोलायचं ते तिला ठाऊक नव्हतं. रविवारी काकतीला आईकडं जाते म्हणून ती निघाली, आणि काकतीचा थांबा खिडकीतून मागं पडताना खाली बघत राहिली. पुढं संकेश्वरपर्यंत मनात भांडणच चाललं होतं, दोन्ही बाजूंचं तीच बोलत होती. घर शोभिवंत असेल, टेबल मोठं असेल, बाई हळू आवाजात बोलेल, असं काहीसं तिनं धरलं होतं. निपाणीत एका बोळात जिना चढून वर गेली तर दार उघडंच. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्याखाली सगळ्या भिंतीभर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, खिडकीत अर्धा अर्धा चहा राहिलेले चार कप. समता उंच, हाडकुळी, एका पायात चप्पल होती. "या या अक्का, बसा, ती खुर्ची नको, ती मोडलीय, ही घ्या. चहा टाकते." ती आत गेली, साखरेचा डबा घेऊन बाहेर आली, डबा टीव्हीवर ठेवून कपाटातून एक फाइल काढली, "हे बघा, ह्या फाइलीपायी जीव जायची वेळ आलीय," म्हणून दोरी सोडायला लागली, आणि आतून चहा जळल्याचा वास आला. कोपऱ्यात जर्मनच्या परातीत तांदूळ निवडत बसलेल्या म्हातारीनं मान न उचलता म्हटलं, "हिच्या हातचा चहा शेगडीच पिती बाई." ती समताची आई, यल्लव्वा. तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत राबलेली. बोलताना मध्येच खोकायची.

हीच ती दीड तास न हलणारी बाई. रचना बघत राहिली. समता दर दोन वाक्यांनी उठत होती. "त्याच्याकडं बघून नाही बसत मी अक्का. समोर कुणीतरी बसलंय, एवढंच लागतं मला. एकटी बसले की खुर्ची टोचते. सोळा-सतरा दिवसांत हे एक प्रकरण होईना. जमिनीचा खटला आहे, दोन विधवा बायका आहेत, मंगळवारी तारीख. मी रोज सहाला फोन लावून त्याच्या काळ्या चौकोनासमोर बसते. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. मग उठते आणि कपाट आवरते." ती एकदम थांबली. "तुम्ही त्याला सांगा की. त्यानं गजर लावला होता. वाचून दाखवला मला, मीपण म्हटलं, चारला आप्पा. माझं ऐकेना तो. तुमचं ऐकेल. फोननंच काहीतरी केलं असणार, आपोआप पुसला गेला असणार."

"आपोआप काय पुसत न्हाय," यल्लव्वा म्हणाली. ती आता तांदळाकडं बघत नव्हती.

रचनाला नाही म्हणता आलं असतं. म्हातारीला फोनमधलं काय कळतं, असं म्हणून हसता आलं असतं. "मी पुसला," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, लॅबमध्ये नाव-वय विचारतो तसा. समता उभी होती ती तशीच राहिली. पहिल्यांदाच तिचा हात, पाय, काहीच हललं नाही, आणि फोनमध्ये दिसायची ती बाई हीच, हे रचनाला पटलं.

"का पण?"

"तुम्ही आप्पा म्हणालात."

समताला कळलं नाही. ती आईकडं बघायला लागली. रचनालाही आता ते बाहेर ऐकल्यावर कळेना. दाराआड दोन आठवडे केवढं तरी मोठं वाटत होतं ते. "मी पावणेचारला फोन करणार होते," ती म्हणाली, "मीच विसरले." आणि मग तिला रडू आलं, ते आप्पांच्या मनगटासाठी की त्या विसरण्यासाठी, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. कुणी तिला पाणी दिलं नाही. मग समता म्हणाली, "मला लहानपणापासून सगळे म्हणायचे, तूच विसरली असशील. न विसरलेल्यालासुद्धा. मास्तर म्हणायचे, भाऊ म्हणायचा. मग मीपण म्हणायला लागले. ते काय असतं तुम्हाला नाही कळायचं अक्का." "मी त्याला नाही सांगणार. तुम्ही सांगा. आज सांगा. आणि आता जावा तुम्ही."

जिना उतरताना मागून यल्लव्वाचा खोकला ऐकू येत होता. परतीच्या बसमध्ये रचनानं सगळं मनात रचून पाहिलं. तो ओरडेल. फोन आपटेल. पंधरा वर्षांत उचलला नाही तो हात कदाचित आज उचलेल. मग ती रडेल, मग तो रडेल, आणि सगळ्याच्या मधोमध ती असेल. ते चित्र तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय हे कळल्यावर तिनं खिडकीच्या गजाला कपाळ टेकलं. तो आणि आरोही येळ्ळूरला आप्पांकडं गेले होते. ती घरी न जाता थेट तिकडंच गेली. ऊन कलतं झालं होतं. अंगणात आप्पा गळ्यात हात अडकवून बाजेवर बसले होते, आरोही त्यांच्या प्लास्टरवर पेनानं फुलं काढत होती, जयाबाई शेंगा फोडत होत्या. स्वरूप आतल्या खोलीत आडवा, फोन तोंडासमोर.

"तो बाजूला ठेवा," ती म्हणाली. तो दचकला, उठून बसला. तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. गुरुवारची सकाळ, मेथी, दार, यादीतली ओळ, बोट. पावणेचारचं, बाळाचं, पाच-दहाचं. निपाणीचंसुद्धा. काही गाळलं नाही, काही सजवलं नाही. बाहेर शेंगांची टरफलं मोडत होती. मग त्यानं विचारलं, "म्हणजे मी लावला होता?"

"हो."

"चारचा? मी स्वतः?"

"हो. तुम्ही लावला होता. मी ऐकलं होतं."

त्याचा चेहरा बदलत गेला. राग येईल म्हणून ती बघत होती, आणि आलं ते निराळंच. तळव्यात रुतलेला काटा निघाल्यावर माणूस पाय टेकवून बघतो, तसा तो आतल्या आत काहीतरी टेकवून बघत होता. डोळे भरले आणि तो चक्क हसला. तिनं केलेल्या गोष्टीपर्यंत तो अजून पोचलाच नव्हता. त्या हसण्यात ती कुठंच नव्हती. उभ्या जागी, एवढं सगळं कबूल केल्यावरही, त्याच्या सुटकेचासुद्धा तिला हेवा वाटला. तो उठला, तिच्या शेजारून, तिला धक्का लागू न देता, अनवाणीच अंगणात गेला.

"आप्पा," त्याचा आवाज आला, "मी गजर लावलतो. चारचा. मी विसरलो नव्हतो आप्पा. लावलतो मी."

टरफलं मोडायचा आवाज थांबला. आप्पांनी मान वळवून लेकाकडं बघितलं असणार. ते सावकाश म्हणाले, "बरं. मग वाजला का न्हाय?"

आत उभ्या रचनाला स्वरूपची पाठ तेवढी दिसत होती. ती पाठ वळली नाही, आणि त्यानं उत्तरही दिलं नाही. ते उत्तर त्यानं तिच्यासाठी ठेवलं होतं. जयाबाईंनी विचारलं, "का रं? बोल की." आरोहीनं पेनाचं टोपण लावलं. रचनानं खांद्यावरची पर्स काढून फळीवर ठेवली, पदर सारखा केला आणि ती उंबरा ओलांडून अंगणात आली.